परदेशातल्या शिष्यवृत्तीचा हप्ता अडला, तर कोणाला विचारायचे?

परदेशात शिकणाऱ्या मुलांच्या शिष्यवृत्तीबद्दल या वेळी इतकी पत्रे आली की हे सदर पूर्ण त्यांनाच दिले आहे. जवळजवळ प्रत्येक पत्रात 'पैसे आले नाहीत' हे वाक्य आहे. पण पैसे न येण्याचे प्रकार वेगवेगळे असतात. कधी देणाऱ्याने पाठवलेलेच नसतात. कधी पाठवलेले वाटेतून परत गेलेले असतात. कधी ते पोचलेले असतात, पण दुसऱ्याच कशात वळते झालेले असतात. यातला आपला प्रकार कोणता हे आधी कळले नाही, तर बँक विद्यापीठाकडे बोट दाखवते, विद्यापीठ बँकेकडे, आणि त्यात महिना निघून जातो. नाव छापू नका असे बहुतेकांनी कळवले आहे, म्हणून फक्त गावे देत आहोत.

माझी मुलगी जपान सरकारच्या मोनबुकागाकुशो शिष्यवृत्तीवर ऑक्टोबरमध्ये गेली. पहिला हप्ता नोव्हेंबरअखेरीस मिळाला, डिसेंबरचा आलाच नाही. विद्यापीठाचे लोक 'सही नव्हती' एवढेच सांगतात. आमचा सगळा पैसा आंब्याचा, तो मे उजाडल्याशिवाय हातात नाही. डिसेंबरचे पैसे नंतर तरी मिळतील का?
— पालक, देवगड

सही नव्हती हेच कारण असेल, तर डिसेंबरचे पैसे गेले असे धरून चाला. ही शिष्यवृत्ती एकदा मंजूर झाली की आपोआप येत राहते, असे नाही. विद्यार्थी त्या महिन्यात खरोखर तिथे शिकतो आहे, याची खातरजमा करून विद्यापीठ दर महिन्याला जपानच्या शिक्षण मंत्रालयाला कळवते. त्यासाठी विद्यार्थ्याने ठरलेल्या तारखांच्या आत स्वतः जाऊन सही करायची असते. सही राहिली की त्या महिन्याचा हप्ता नाही, आणि मागाहून तो मिळत नाही. महिनाभर देशाबाहेर राहिले तरी हाच परिणाम होतो. सुट्टीत गावी यायचे असेल तर तिकीट काढण्याआधी सहीच्या तारखा पाहायच्या. मे महिन्यात घरी येऊन जूनच्या दुसऱ्या आठवड्यात परतणारी मुले नेमकी यात सापडतात.

तरीही मुलीने दोन गोष्टी कराव्यात. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कक्षाला ईमेल करून लेखी विचारावे: 'डिसेंबरचा हप्ता सहीअभावी रद्द झाला, की बँकेकडून परत आला?' तोंडी उत्तरावर थांबू नये. आजारपण किंवा मार्गदर्शकांनी ठरवलेले क्षेत्रकाम यामुळे सही चुकली असेल, तर मार्गदर्शकांचे पत्र लगेच द्यावे. निर्णय विद्यापीठाचा आणि मंत्रालयाचा, पण पत्र महिनाभराने दिले तर विचारही होत नाही. नोव्हेंबरचा हप्ता पोचला आहे, म्हणजे खाते आणि नाव दोन्ही जुळलेले आहे. मधे खाते बदलले नसेल, तर बँकेत खेपा घालून उपयोग नाही.

पुढच्या एप्रिलमध्ये वा ऑक्टोबरमध्ये जाणाऱ्यांसाठी थोडे जास्त लिहितो, कारण पहिला हप्ता अडतो तो वेगळ्याच कारणाने. बऱ्याच जपानी बँका मुक्कामाचे सहा महिने झाल्याशिवाय परदेशी माणसाला साधे खाते देत नाहीत, म्हणून विद्यापीठे नव्या मुलांना जपान पोस्ट बँकेकडे पाठवतात. तिथल्या पासबुकावर 'किगो' आणि 'बांगो' असे दोन आकडे असतात. दुसऱ्या बँकेतून पैसे यायचे तर हे आकडे चालत नाहीत. शाखेचा तीन अंकी क्रमांक आणि सात अंकी खाते क्रमांक लागतो. तो पासबुकाच्या आत छापून घेता येतो किंवा बँकेच्या संकेतस्थळावर काढता येतो. पासबुकावरचा 'बांगो' जसाच्या तसा अर्जात उतरवला की पैसे परत जातात, कारण त्यातला शेवटचा अंक इथे गाळायचा असतो.

दुसरा घोळ नावाचा. खात्यावरचे नाव काताकाना लिपीत असते आणि पैसे पाठवणारी यंत्रणा तेच अक्षरशः जुळवून पाहते. आपल्याकडची नावे लांब: स्वतःचे, वडिलांचे, आडनाव. त्यात 'व' हे अक्षर दोन तऱ्हांनी लिहिता येते. 'वैभवी'चे बँकेने 'बाइबाबी' केले आणि विद्यापीठाच्या अर्जात 'वाइबावी' लिहिले गेले, तर यंत्राच्या लेखी त्या दोन वेगळ्या मुली. म्हणून आधी बँकेत खाते उघडायचे, पासबुकावरच्या नावाचा फोटो काढायचा आणि अर्जात तेच अक्षर न् अक्षर उतरवायचे. पत्ता ठरल्यापासून चौदा दिवसांत नगरपालिकेत नोंद करावी लागते. ती नोंद निवास कार्डावर आली की मगच खाते, म्हणून पहिल्या आठवड्यातच ते काम उरकावे.

एवढे सगळे बरोबर करूनही पहिला हप्ता पोचायला एक ते दीड महिना जातो. त्यामुळेच निघताना सुमारे २,००० डॉलर सोबत ठेवा, असे सूचनापत्रकातच लिहिलेले असते. पदव्युत्तर विद्यार्थ्याला महिना १,४४,००० येन मिळतात (काही भागांत दोन-तीन हजार जास्त). म्हणजे एक चुकलेली सही किती महागात पडते ते दिसेलच. आता मधल्या महिन्याची सोय: काही विद्यापीठांत विद्यार्थ्यांसाठी अल्पमुदतीचे आपत्कालीन कर्ज असते, ते विचारावे. अर्धवेळ काम करायचे असेल तर निवास कार्डाच्या मागे तशा परवानगीचा शिक्का हवा, आणि तो असला तरी आठवड्याला २८ तासांची मर्यादा आहे.

मी मूळची कुडाळची, राज्य शासनाच्या परदेश शिष्यवृत्तीवर ब्रिटनमध्ये शिकते. पहिल्या वर्षाचे शुल्क आणि निर्वाह भत्ता आला. दुसरे वर्ष सुरू होऊन तिसरा महिना चालू आहे, पैसे नाहीत. ईमेलला 'प्रक्रिया सुरू आहे' असे उत्तर येते. वडील जिल्ह्याच्या कार्यालयात जाऊन आले, तिथे आमच्याकडे याचे काही नसते म्हणाले. इकडे विद्यापीठाने थकबाकीची नोटीस दिली आहे.
— विद्यार्थिनी, कुडाळ

आधी नोटीस, मग शासन. विद्यापीठाच्या वित्त विभागाला आजच लिहा: शुल्क सरकारी प्रायोजक भरणार आहे, हा त्याचा मंजुरी आदेश, हे पहिल्या वर्षीच्या भरण्याचे पुरावे, मला अमुक तारखेपर्यंत मुदत द्या. मुदत लेखी घ्या. शुल्क थकले म्हणून नोंदणी रद्द झाली तर विद्यापीठाला ते व्हिसा खात्याला कळवावे लागते. मग शिष्यवृत्ती येऊनही उपयोग नाही. विद्यापीठाच्या अडचण-निधीसाठी त्याच दिवशी अर्ज करा. विद्यार्थी व्हिसावर सार्वजनिक निधीतून मदत घेता येत नाही हे खरे, पण विद्यापीठाचा स्वतःचा निधी त्यात मोडत नाही. पुष्कळ मुले या गैरसमजापोटी अर्जच करत नाहीत.

वडिलांना मिळालेले उत्तर चुकीचे नाही. या योजनांचे पैसे जिल्ह्यातून निघत नाहीत. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती पुण्याच्या समाजकल्याण आयुक्तालयातून चालते, इतर प्रवर्गांच्या योजना आपापल्या विभागाकडे असतात. तुमचा मंजुरी आदेश कोणाच्या सहीचा आहे ते पाहा, पत्र त्याच कार्यालयाला जायला हवे.

'प्रक्रिया सुरू आहे' हे उत्तर येते, कारण आपण विचारतोच तसे: 'माझे पैसे कधी येतील?' पैसा कुठल्या टेबलावर आहे ते विचारा. दुसऱ्या वर्षाचा पैसा साधारण असा फिरतो. विद्यार्थी पहिल्या वर्षाचा निकाल किंवा मार्गदर्शकांचा प्रगती अहवाल, विद्यापीठाचे चालू वर्षाचे नोंदणीपत्र आणि शुल्काचे देयक पाठवतो. कार्यालय ते तपासून पुढच्या वर्षाचा आदेश काढते. मग देयक कोषागारात जाते, तिथे त्याला टोकन क्रमांक पडतो आणि पारित झाल्यावर प्रमाणक क्रमांक. शेवटी रक्कम बँकेत जाते आणि बँक ती स्विफ्ट या बँकांमधल्या संदेश-यंत्रणेतून परकीय चलनात पाठवते. तेव्हा ईमेलमध्ये एवढेच विचारा:

माझी दुसऱ्या वर्षाची कागदपत्रे पूर्ण आहेत का, नसल्यास नेमके काय कमी आहे? आदेश निघाला असल्यास त्याचा क्रमांक व दिनांक? देयक कोषागारात सादर केल्याचा दिनांक व टोकन क्रमांक? बँकेने रक्कम पाठवली असल्यास स्विफ्ट संदेशाची प्रत?

वर विषयात तुमचे पूर्ण नाव, निवड वर्ष, निवड आदेशाचा क्रमांक, विद्यापीठ आणि अभ्यासक्रम लिहा. सोबत सगळी कागदपत्रे एकाच पीडीएफमध्ये जोडा. सहा वेगवेगळ्या ईमेलमध्ये विखुरलेली कागदपत्रे कोणी जुळवत बसत नाही. आमच्या पाहण्यात बहुतेक प्रकरणे पहिल्याच पायरीवर अडलेली असतात: प्रगती अहवालावर विद्यापीठाचा शिक्का किंवा तारीख नसते, नाहीतर देयकावर विद्यापीठाच्या बँकेचा तपशील नसतो. दुसरा मोठा अडथळा आर्थिक वर्षाचा. मार्चच्या शेवटी न निघालेले देयक नव्या वर्षाची तरतूद वितरित होईपर्यंत थांबते, म्हणून आपल्याकडून कागद फेब्रुवारीच्या आधी गेलेले बरे.

स्विफ्ट संदेश निघालेला असेल तर त्याची प्रत मागा. त्यात ३६ अक्षरांचा यूईटीआर नावाचा क्रमांक असतो. तो तुमच्या ब्रिटनमधल्या बँकेला दिला की पैसे कुठल्या बँकेत थांबलेत ते तिला शोधता येते. तुमचा आयबॅन, म्हणजे आंतरराष्ट्रीय खाते क्रमांकही तपासून घ्या. ब्रिटनचा आयबॅन २२ अक्षरी: जीबी, दोन तपासणी अंक, बँकेची चार अक्षरे, मग सहा अंकी सॉर्ट कोड (शाखेचा क्रमांक) आणि आठ अंकी खाते क्रमांक. म्हणजे शेवटचे चौदा अंक तुमच्या कार्डावरच्या दोन आकड्यांशी जुळलेच पाहिजेत. काही मुले भारतात फक्त सॉर्ट कोड आणि खाते क्रमांक कळवतात, त्यावर परदेशातून रक्कम येत नाही. केवळ मोबाइलवर चालणाऱ्या काही बँकांच्या खात्यातही परदेशातून थेट पैसे येत नाहीत, तेव्हा खाते कळवण्याआधी हे विचारून घ्या.

पंधरा-वीस दिवसांत नेमके उत्तर नाही आले तर 'आपले सरकार' पोर्टलवर तक्रार, आणि तरीही हालचाल नसेल तर माहितीचा अधिकार. राज्याच्या पोर्टलवरून अर्ज परदेशात बसून करता येतो, शुल्क १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांत बसणारा हवा. वरचेच प्रश्न घालायचे. अर्ज तुमच्या नावाने करा. वडिलांच्या नावाने केलात तर 'त्रयस्थाची वैयक्तिक माहिती' म्हणून नाकारला जाण्याची शक्यता असते. वडिलांना पुण्याला पाठवायचेच असेल तर तुमच्या सहीचे अधिकारपत्र आणि पासपोर्टची प्रत त्यांच्याजवळ द्या.

आणि एक. पैसे येईपर्यंत डिलिव्हरी ॲपवर काम करू नका. ब्रिटनच्या विद्यार्थी व्हिसावर सत्र चालू असताना पदवी वा त्यावरच्या अभ्यासक्रमाला आठवड्याला २० तास नोकरी चालते, पण ॲपवरचे काम स्वयंरोजगारात धरले जाते आणि त्याला परवानगी नाही.

मुलाची शिष्यवृत्ती अडली आहे, 'प्रक्रिया शुल्क' म्हणून २०० युरो भरले की लगेच सुटेल, असा फोन दूतावासाच्या नावाने आला. भरावे का?
— पालक, वेंगुर्ले

नाही. शिष्यवृत्ती देणारी संस्था पैसे सोडवण्यासाठी पैसे मागत नाही आणि दूतावास ओटीपी विचारत नाही. फोन आला तो क्रमांक १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर कळवा. मुलालाही सांगा, की खात्याचा तपशील बदलायचा तो फक्त संस्थेच्या पोर्टलवर लॉग-इन करून, ईमेलमधल्या दुव्यावरून कधीही नाही.

मी मूळ चिपळूणचा, इरास्मुस मुंडुस या युरोपीय शिष्यवृत्तीवर संयुक्त पदव्युत्तर अभ्यासक्रमाला आहे. पहिले सत्र बेल्जियमला झाले, दुसऱ्यासाठी फ्रान्सला आलो. निघताना बेल्जियमचे खाते बंद केले. फेब्रुवारीचे १,४०० युरो समन्वयक विद्यापीठ 'पाठवले' म्हणते, इथे काही नाही.
— विद्यार्थी, चिपळूण

पाठवले, हे खरे आहे, आणि ते बहुधा परत त्यांच्याकडेच गेले आहेत. बंद खात्यावर आलेली युरो रक्कम बँक साधारण तीन कामकाजी दिवसांत पाठवणाऱ्याला परत करते. पण परत आलेली रक्कम विद्यापीठाच्या लेखा विभागात येते आणि तुमच्याशी बोलणारा समन्वयक वेगळ्या इमारतीत बसतो. त्याच्या पडद्यावर 'अदा' असेच दिसत राहते. त्याला विचारा: 'रक्कम परत आली का, हे लेखा विभागाकडून तपासून सांगाल का? पाठवल्याचा दिनांक आणि व्यवहाराचा संदर्भ क्रमांक द्या.' सोबत जुन्या बँकेचे खाते बंद केल्याचे पत्र जोडा, त्यावर बंद झाल्याची तारीख असते. बहुतेक ठिकाणी परत आलेला हप्ता लगेच वेगळा काढत नाहीत, पुढच्या महिन्याच्या यादीत घालतात. वेगळा पाठवा अशी विनंती केली तर काही विद्यापीठे ऐकतात, त्यामुळे घरभाड्याची तारीख कळवून विचारायला हरकत नाही.

खाते बंद करायची खरे तर गरजच नव्हती. युरो वापरणाऱ्या देशांत एका देशाचा आयबॅन दुसऱ्या देशात चालतो. युरोपीय संघाच्या २०१२ च्या २६० क्रमांकाच्या नियमानुसार, 'आमच्या देशाचाच आयबॅन द्या' असे देणाऱ्याला किंवा घेणाऱ्याला म्हणता येत नाही. फ्रान्समधला घरमालक किंवा मोबाइल कंपनी तसे म्हणत असेल, तर हा नियम दाखवा. दर सत्राला देश बदलणाऱ्या अभ्यासक्रमात पहिले खाते शेवटपर्यंत ठेवावे. पत्ता बदलल्याचे बँकेला कळवायचे एवढेच. नवे खाते उघडलेत तरी त्यावर पहिला हप्ता प्रत्यक्ष जमा होईपर्यंत जुने उघडे राहू द्या.

नवा आयबॅन कळवताना लांबी मोजा. बेल्जियमचा १६ अक्षरी असतो, फ्रान्सचा २७, जर्मनीचा २२. फ्रान्सच्या बँका 'रिब' नावाचा एक कागद देतात, त्याची पीडीएफ तशीच पाठवा, हाताने आकडे लिहू नका. ९ ऑक्टोबर २०२५ पासून युरो क्षेत्रातल्या बँकांना रक्कम निघण्याआधी खात्याचे नाव आणि आयबॅन जुळतात का, हे पाठवणाऱ्याला दाखवावे लागते. तुमच्या पासपोर्टात 'दिलेले नाव' या रकान्यात स्वतःचे आणि वडिलांचे अशी दोन्ही नावे असतील आणि बँकेत एकच, तर तिथे शंका निघते व लेखा विभाग थांबतो. खाते उघडतानाच पासपोर्टाप्रमाणे पूर्ण नाव घाला.

फ्रान्सला पोचल्याचे प्रमाणपत्र समन्वयकाकडे गेले आहे ना, तेही बघा. काही अभ्यासक्रमांत नव्या विद्यापीठाने 'विद्यार्थी हजर झाला' असे कळवल्याशिवाय त्या सत्राचे पैसे सुरू होत नाहीत.

मुलगा अमेरिकेत पीएचडीला आहे. पत्रात दरमहा २,४०० डॉलर फेलोशिप लिहिले आहे, सप्टेंबरला २,०६४ आले. ऑगस्टच्या अर्ध्या महिन्याचे तर आलेच नाहीत. विद्यापीठ फसवते आहे का?
— पालक, अलिबाग

दोन्हींची उत्तरे हिशेबात आहेत. एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरच्या, अमेरिकेच्या करासाठी अनिवासी असलेल्या विद्यार्थ्याला राहण्या-जेवणासाठी मिळणाऱ्या फेलोशिपमधून विद्यापीठ १४ टक्के कर कापते. २,४०० चे १४ टक्के ३३६, उरले २,०६४. शिक्षण शुल्कासाठी थेट वळवलेल्या रकमेवर हा कर नसतो.

हा कर सगळाच गेला असे नाही. भारत-अमेरिका कर-करारातल्या कलम २१ च्या दुसऱ्या परिच्छेदामुळे भारतीय विद्यार्थ्यांना प्रमाणित वजावट घेता येते, जी इतर बहुतेक देशांच्या अनिवासी विद्यार्थ्यांना मिळत नाही. २०२५ या करवर्षासाठी ती एकट्या माणसाला १५,७५० डॉलर होती. मुलगा ऑगस्टमध्ये गेला असेल, तर डिसेंबरपर्यंतची फेलोशिप साधारण दहा-अकरा हजारांची होईल, म्हणजे वजावटीच्या आतच. मग कापलेला संघीय कर विवरणपत्र भरून परत मिळायला हवा. विद्यापीठ मार्चच्या मध्यापर्यंत १०४२-एस हे पत्रक देते, त्यावरून १०४०-एनआर भरायचे. राज्याचा कर वेगळा असतो आणि कॅलिफोर्नियासारखे राज्य हा करार मानत नाही, हे लक्षात ठेवा. केवळ फेलोशिप असेल आणि नोकरी नसेल, तर सोशल सिक्युरिटी क्रमांक मिळत नाही. त्याऐवजी डब्ल्यू-७ अर्ज भरून आयटिन हा करदात्याचा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्यालाच वेळ लागतो. तो अर्ज विद्यापीठातल्या अधिकृत माणसामार्फत केला तर मूळ पासपोर्ट टपालाने पाठवावा लागत नाही.

ऑगस्टचे पैसे बहुधा विद्यार्थी खात्यात वळते झाले आहेत. हे बँकेचे खाते नाही, विद्यापीठाच्या वहीतले आहे. त्यात एका बाजूला शुल्क, आरोग्य विमा, वसतिगृहाचे भाडे लागते आणि दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्ती जमा होते. विम्याची रक्कम बाकी असेल तर फेलोशिप आधी तिथे कापली जाते आणि उरले तर बँकेत येते. मुलाला त्या खात्याचे ऑगस्ट-सप्टेंबरचे विवरण काढायला सांगा आणि एकेक ओळ वाचायला सांगा. फेलोशिपमध्ये विमा विद्यापीठच भरणार असे पत्रात असेल, तर ती ओळ चुकीने लागली आहे आणि विभागाच्या कार्यालयाने सांगितले की काढली जाते. विवरणात ऑगस्टची जमाच दिसली नाही, तर थेट जमेची नोंद व्हायच्या आत धनादेश निघून जुन्या पत्त्यावर गेला असण्याची शक्यता आहे. तो रद्द करून नवा मागता येतो.

टीचिंग किंवा रिसर्च असिस्टंटचे पैसे मात्र पगार असतो. त्याचा कर डब्ल्यू-४ या अर्जाप्रमाणे कापला जातो, वरचा १४ टक्क्यांचा हिशेब त्याला लावू नका.

भावाला इटलीत प्रादेशिक शिष्यवृत्ती मिळाली आहे. तिकडे खाते उघडेपर्यंत पैसे आमच्या पतसंस्थेतल्या खात्यावर मागवता येतील का?
— वाचक, गुहागर

नाही. भारतात आयबॅन नसतो आणि पतसंस्था परकीय चलनाचे व्यवहार करत नाही. शिवाय ती शिष्यवृत्ती विद्यार्थ्याच्याच नावाच्या खात्यावर येते. भावाने पोचताच कर क्रमांक, म्हणजे कोदिचे फिस्काले, घेऊन खाते उघडावे. निवास परवाना हातात यायला महिने लागतात, पण अर्ज केल्याची टपाल पावती बऱ्याच बँका घेतात. इटलीतली ही शिष्यवृत्ती एकरकमी नसते. पहिल्या वर्षी उरलेला हप्ता ठरावीक क्रेडिट मिळवल्यावरच सुटतो, त्यामुळे पुढे दुसरा हप्ता अडला तर बँकेच्या आधी गुणपत्रक पाहावे.

भारतातले खाते द्यावे लागते ते विमानभाड्याची परतफेड वगैरे आपल्या शासनाकडून यायची असते तेव्हा. तिथे आयएफएससी तपासा. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. देना, विजया, सिंडिकेट यांचे जुने कोडही त्याआधीच बंद पडले आहेत. जुन्या पासबुकावरून अर्ज भरला की रक्कम परत जाते. भाऊ शिकायला गेला की परकीय चलनाच्या नियमांत तो अनिवासी ठरतो, तेव्हा त्याचे इथले बचत खाते एनआरओ (अनिवासींसाठीचे खाते) करून घ्या.

मुलगी जर्मनीत आहे, शिष्यवृत्ती दोन महिने मागे पडली. आमची बोट जून-जुलै बंदीमुळे किनाऱ्याला, तरी उसने काढून पाठवायचे म्हणतो. गावातले एक जण म्हणतात, पैसे मला द्या, माझा भाऊ दुबईहून तिला पाठवेल. बँकेपेक्षा स्वस्त पडेल. चालेल का?
— पालक, हर्णे

तुम्ही गावात रुपये द्यायचे आणि त्याच्या बदल्यात तिकडून कोणी तरी युरो पाठवायचे, याला हवाला म्हणतात. परकीय चलन कायद्याचे ते उल्लंघन आहे आणि दंड रकमेच्या तिपटीपर्यंत होतो. मुलीचेही नुकसान होते: अनोळखी माणसाकडून आलेल्या रकमेबद्दल तिची बँक विचारणा करते आणि समाधान झाले नाही तर खाते गोठवते. सख्ख्या मामा-काकाने आखातातल्या स्वतःच्या कमाईतून भाचीला मदत म्हणून पाठवले, इथे कोणी रुपये दिले-घेतले नाहीत, तर ती गोष्ट वेगळी. त्यात गैर काही नाही.

बँकेतून पाठवणे वाटते तितके अवघड नाही. परकीय चलनाचे काम होते अशी शाखा शोधा. तुमच्या शाखेत ते होत नसेल तर ती अर्ज दापोली, चिपळूण किंवा रत्नागिरीच्या शाखेकडे पाठवते, त्यात दोन दिवस जातात, म्हणून थेट तिथेच गेलेले बरे. जिल्हा बँकेतले पैसे आधी व्यापारी बँकेतल्या तुमच्याच खात्यात घ्या. ए-२ अर्ज, तुमचे पॅन, मुलीच्या पासपोर्टची, व्हिसाची आणि प्रवेशपत्राची प्रत, तिचा आयबॅन आणि तिच्या बँकेचा स्विफ्ट कोड, एवढे न्या. अर्जातला हेतू 'परदेशी शिक्षण', कोड एस-०३०५. वर्षाला माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, आणि आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंत टीसीएस (रक्कम पाठवताना बँक गोळा करते तो कर) लागत नाही. खर्चाच्या रकान्यात 'ओयूआर' निवडा, म्हणजे मधल्या बँकांचा आकार तुमच्याकडून घेतला जातो आणि तिला ठरलेली पूर्ण रक्कम मिळते. नाहीतर नेमके भाड्याचे पैसे पाठवावेत आणि वीस-पंचवीस युरो कमी पोचावेत, असे होते. शुक्रवारी दुपारनंतर गेलात तर रक्कम सोमवारीच निघेल.

जर्मनीत ब्लॉक केलेले खाते असेल तर त्यावर पाठवू नका. त्यातून महिन्याला ठरावीक रक्कमच काढता येते. तुमचे पैसे तिथे जाऊन बसतील आणि घरमालक दारात उभाच राहील. तिच्या रोजच्या चालू खात्याचा आयबॅन घ्या.

रक्कम गेली आणि आठवडाभर पोचली नाही तर शाखेकडून यूईटीआर क्रमांक मागा. बँकेने लेखी तक्रारीला ३० दिवसांत उत्तर दिले नाही, किंवा दिलेले पटले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. त्यांच्या १४४४८ या क्रमांकावर मराठीतही माहिती मिळते.